नाहीची पालखी

एका राज्यात एक राणी होती, गुणवंता तिचं नाव. नावावर जाऊ नका. ती स्वतःच सांगायची, "माझ्यासारखी खुळी सात मुलखांत सापडायची नाही. बायका नवरा गमावतात लढाईपायी, मी गमावला अनारशांपायी."

झालं होतं ते असं. राजा हेमकांत टोपीकर इंग्रजांच्या बेटावर पाहुणा म्हणून गेला. चार दिवसांत त्याला करमेना. त्याने आपल्या बोलक्या राघूजवळ निरोप दिला, "राणीला विचार, तूही येतेस का?"

राघू पोचला तेव्हा राणी कढईपुढे बसलेली. अनारसे हसत होते. म्हणजे तुपात पडले की फुटून भुगा होत होते. अनारसा हसला की करणारी रडते, हे काय सांगायला हवं! त्यात राघू खिडकीतून म्हणाला, "येतेस का?" राणी झारा उगारून ओरडली, "नाही!"

तिला म्हणायचं होतं, आत्ता नाही. पण राघूने ऐकलं तेवढं चोचीत धरलं आणि उडाला.

आता त्या बेटाची रीत अशी, की तिथला 'नाही' जन्मतः पांगळा. त्याला पालखीत घालायचं आणि भोयाच्या खांद्यावर धाडायचं. भोई तीन, कालच्या वाटेचा एक, आजच्या वाटेचा एक, उद्याच्या वाटेचा एक. राणीचा 'नाही' मात्र भोयावाचून आला आणि वाळूत पडला. कालचा, आजचा की उद्याचा, कुणाला कळेना. मग तो तिन्ही काळांचा झाला. वाढत वाढत त्याची काळी भिंत झाली आणि राजा भिंतीच्या आत राहिला.

त्याच घटकेला राणीच्या राज्यातून 'नाही' नाहीसा झाला. कुणाला नकार देता येईना. प्रधान मागेल त्याला मागेल ते देऊ लागला. घरोघरी जावई मुक्कामाला आले ते राहिलेच.

राणी रोज सकाळी राजाच्या आंघोळीचं पाणी तापवी. वाट बघता बघता ते निवे. मग ते ती मोगऱ्याला घाली. मोगरा असा माजला की वाड्याच्या खिडक्या लागेनात. संध्याकाळी सगळं राज्य त्या वासाने वेडं होई, आणि राणी तेवढी नाकाला पदर लावून समुद्राकडे बघत बसे.

अशी वर्षं गेली. शेवटी राघू म्हणाला, "राणीसरकार, मोगऱ्याचं रान झालं. आता नावेत बसा."

बेटाच्या किनाऱ्यावर एक मड्डम जादूगारीण समुद्राच्या फेसाचे मोजे विणत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भिंतीला दारं तीन. दार तुझ्या नवऱ्याच्या आवाजात विचारेल. नाही म्हणायचं, तर भोई निवडून पालखी धाड. पालखी पडली की भिंत वाढेल."

"आणि हो म्हणायचं असेल तर?"

"हो-ला पाय असतात."

तिघे भोई उभे होते. डिड कालचा, पिकल्या मिशांचा. डू आजचा, धट्टाकट्टा. विल उद्याचा, तो अजून जांभया देत होता.

पहिलं दार म्हणालं, "एवढ्या वर्षांत मला विसरलीस?"

तो आवाज ऐकून राणी पुढे धावली. "नाही!" म्हणाली आणि जवळ उभ्या डूला तिने पालखीखाली ढकललं. पालखी धाडकन वाळूत! भिंत हातभर वाढली.

डू खांदा चोळत म्हणाला, "बाई, ती वर्षं तर गेली. ती वाट कालची. मी आजचा."

डिडने मुकाट्याने दांडी खांद्यावर घेतली. निवलेल्या पाण्याच्या सगळ्या घागरी पालखीत असाव्यात, अशी ती जड होती. पण त्याला सवय होती. दार उघडलं.

दुसरं दार म्हणालं, "मला दोष देतेस?"

"छे, छे! नाही!" राणीने आता शहाणपणाने डूकडे बोट केलं. डू वाकला, कण्हला, घामाघूम झाला. पालखी तसूभर हलेना.

"आत खोटं आहे, बाई," तो म्हणाला. "खोटा 'नाही' आम्हांला उचलत नाही."

राणी वाळूत बसली. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिने डोळे पुसले.

"हो," ती म्हणाली. "देते दोष. एकदा स्वतः यायचं होतंत. पाखरू कसलं पाठवता?"

तो 'हो' टुणकन उठला, अनवाणी धावत गेला आणि दार ढकलून आत शिरला.

तिसरं दार हळूच म्हणालं, "परत मला एकटं सोडशील?"

"नाही. विल, ऊठ."

विल उठला. पालखीकडे बघून म्हणाला, "उद्या काय होईल ते मलाही ठाऊक नाही. माझ्याच्याने एकट्याने उचलणार नाही."

राणीने पदर खोचला आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा खांदा दिला. ठेचाळत, धापा टाकत ती दारातून आत गेली, आणि भिंत भुरभुर वाळू होऊन खाली बसली.

समोर राजा उभा. दाढी बेंबीपर्यंत. राणी वाटेत पाठ केलेलं सगळं बोलणं विसरून गेली. राजाने तिच्या खांद्यावरचा दांडीचा लाल वळ पाहिला.

"जड होती?"

"होती," ती म्हणाली.

राजा परतला तसा राज्यात 'नाही' परतला. प्रधानाने पहिला नकार दिला तेव्हा त्याला रडू कोसळलं. जावयांनी गाठोडी बांधली. तिघे भोई राजाबरोबर आले आणि राजवाड्यातच राहिले.

दुसऱ्या दिवशी राजाची आंघोळ कढत पाण्याने झाली. राणीने अनारशांचं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

"किती वर्षं जीव झुरला हो, तुम्हांला खाऊ घालायला. चांगले झालेत ना?"

राजाने एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग दाराकडे बघून म्हणाला,

"डूला बोलाव."