गावभर काळी दारं

फार पूर्वी, घरांना पाट्या नव्हत्या आणि घरात काय चाललंय ते घराचं दारच सांगायचं, तेव्हाची ही गोष्ट.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथं नांदत्या घराचं दार लाल असायचं. घरात कुणी वारलं, की दाराला काळ्या रंगाचा हात द्यायचा. काळ्या दाराची कडी कुणी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. पायरीवर एक भाकरी ठेवायची, हात जोडायचे आणि मागं फिरायचं. पोटुशी बाईनं तर काळ्या दाराकडं बघायचंही नाही. सुतक फिटलं, की काळा रंग तासायचा, लाकूड उघडं करायचं आणि मगच त्यावर पुन्हा लाल चढवायचा. पंचक्रोशीतल्या सगळ्या गावांत हीच रीत होती.

एका उन्हाळ्यात गावाला आग लागली. माणसं वाचली, दारं जळाली. थोरल्या सुतारानं घरोघर नवी दारं बसवली. हा गावातला सगळ्यात जुना कारागीर. हाताला कसब होतं, पण तेवढाच मानेला ताठा होता. आयुष्यात आपलं कधी काही चुकलं, असं त्याला आठवत नव्हतं. म्हाताऱ्यांची आठवण अशीच सोयीची असते.

लाल रंग व्हायचा काताचा. कात तांब्याच्या हंड्यात उकळायचा, ही जुनी पद्धत. पण हंडा आगीत फुटला होता, आणि सुताराला घाई होती. त्याची लेक, गोजरी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लेक येईल तेव्हा दार लाल पाहिजे. म्हणून त्यानं गूळ करायची मोठी लोखंडी कढई चुलाणावर चढवली आणि तीत कात उकळला.

बायकोनं तेव्हाच टोकलं होतं. लोखंडात आवळा काळा पडतो, मग कात कसा लाल राहील, असं तिचं म्हणणं. सुतार म्हणाला, तू तुझे आवळे सांभाळ.

ओला होता तोवर रंग गडद तांबडा दिसला. पंचांनी नारळ फोडला, सुताराच्या पाठीवर थाप मारली. तोवर गावातली सगळी दारं रंगवून झाली होती. मग रंग वाळला आणि कोळशासारखा काळा झाला.

सुताराला त्याच क्षणी कळलं. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. पंच विचारायला आले, तर तो म्हणाला, रंग अजून कच्चा आहे, उन्हात मुरला की लाल उतरेल. पंचांनी माना हलवल्या. त्यांना लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान कधी हलवायची ते पक्कं कळत होतं. शिवाय नारळ त्यांनीच फोडला होता.

तेव्हापासून सुताराचं बूड कुठं टेकेना. जेवायला बसला की अर्ध्यात उठायचा. गावभर फिरायचा, दिसेल त्या दारापाशी थांबायचा, अंगठा जिभेला लावायचा आणि फळीवर घासायचा. ओल्या जागी जरासा तांबडेपणा चमकायचा. त्याचा जीव भांड्यात पडायचा. थुंकी वाळायची, दार पुन्हा काळं. मग तो पुढच्या दाराकडं निघायचा.

"अहो, गोजरी यायच्या आत तासून काढा," बायको म्हणाली. "निदान आपलं तरी."

"आपलं तासलं, की सगळ्यांचं चुकलं असं होईल."

"चुकलंच आहे."

तो तिच्यावर खेकसला आणि त्याच कढईतून दारांना दुसरा हात दिला. दारं आणखी काळी झाली. तिनं म्हटलं, मग लेकीला निरोप तरी धाडा. पण निरोपात काय सांगणार? रंग चुकला, हेच ना? लेक बापाचं दार ओळखत नाही काय, असं म्हणून तो पुन्हा बाहेर पडला. एका वाक्याची लाज वाटली म्हणून त्यानं तो निरोप अडवला.

इकडं मीठवाला बैल घेऊन आला आणि वेशीतच थबकला. एकूण एक दार काळं. त्यानं पहिल्या पायरीवर भाकरी ठेवली, हात जोडले आणि बैल वळवला. मागून हाका आल्या तसा तो अजून जोरात पळाला. घरोघर सुतक म्हणजे गावात साथ, एवढं त्यालाही कळत होतं. मग कुंभार तसाच परतला. तेली परतला. गाव अळणी जेवू लागलं, पायऱ्यांवरच्या भाकऱ्यांनी कुत्री मात्र माजली. थोरला पंच म्हणाला, बघा, बाहेरचे लोक आता आपल्याला केवढा मान देतात. तो हे बोलला तेव्हा त्याच्या तोंडात अशीच एक भाकरी होती.

असाच एकदा सुतार पंचाच्या दारावर अंगठा घासत होता. बायको नदीवर धुणं धुवायला गेली होती. तो घरी परतला, तर पायरीवर भाकरी. अजून मऊ होती. कडेला तीन बोटं उमटवलेली.

भाकरीच्या कडेला तीन बोटं उमटवायची, ही त्याच्या घरातली पद्धत. बायकोची, आणि तिच्याकडून शिकलेल्या गोजरीची. अंगणातल्या धुळीत जड पावलं आली होती आणि तशीच मागं फिरली होती.

म्हातारा धावला. गुडघे कुरकुरत होते, धोतर सुटत होतं. तो घाटावर पोचला तेव्हा नाव नदीच्या मध्यावर होती. नावेत गोजरी. त्यानं दोन्ही हात हलवले. तिनं बापाला ओळखलं. बाप जिवंत, मग घरातलं दुसरं कोण गेलं, याचा हिशोब तिनं केला. धुणाऱ्या बायका खाली वळणाआड होत्या; आई तिला दिसलीच नाही. तिनं पोटावर पदर ओढला आणि तोंड फिरवलं.

"गोजरे, माझा रंग चुकलाय!" सुतार ओरडला. "रंग चुकलाय माझा!"

वारा उलटा होता. त्याच्या मागं घाटावर धावत आलेल्या सगळ्या गावानं ऐकलं. एकटीनं ऐकलं नाही, ती नावेत होती.

सुतार घरी आला, तासणी घेतली आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, आपलं दार तासायला बसला. पंच धावत आले. तुझं उघडं पडलं, तर आमची काय अब्रू राहील, म्हणाले. सुतारानं मान वर केली नाही. "कढई माझी होती, रंगही माझाच चुकला. तुम्ही नुसता नारळ फोडला. सरका, उजेड अडतोय."

पांढरं लाकूड दिसायला लागलं, तशी शेजारची तासणी वाजली, मग पलीकडची. सगळ्या गावानं दारं तासली आणि फुटका हंडा सांधून नवा लाल रंग दिला. फक्त थोरल्या पंचानं हट्ट सोडला नाही. आमचं लालच आहे म्हणाला. पुढं तो खरोखर वारला, तेव्हा कितीतरी दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. दार आधीपासूनच काळं होतं.

गोजरी पैलतीरावर नावाड्याच्या झोपडीत बाळंत झाली. सुतारानं लगोलग निरोप धाडला, पण त्या काळ्या गावाच्या निरोप्याला कुणी झोपडीच्या जवळ येऊ देईना. आई जिवंत असताना तिनं आईचं सुतक पाळलं. खूप पुढं मीठवाल्यानं दारं लाल पाहिली आणि तिला सांगितलं, तेव्हा ती आली. लेकरू रांगायला लागलं होतं, आणि त्याच्या आजोबांनी त्याचं पहिलं रडणं ऐकलं नव्हतं.

आईच्या गळ्यात पडून तिनं डोळे पुसले. मग बापाकडं वळली.

"आबा, त्या दिवशी घाटावर काय ओरडत होता?"

"माझा रंग चुकलाय, असं म्हणत होतो."

"एवढंच?" गोजरी म्हणाली. "मग हे तीन शब्द आधी सांगायला काय झालं होतं?"

लेकरू रांगत दारापाशी गेलं आणि लाल फळीवर अंगठा घासायला लागलं.

तात्पर्य: चुकलेला रंग तासूनच काढावा, जो त्यावर नुसता दुसरा हात देतो, त्याच्या दारातून त्याचीच माणसं परत जातात.