पाठीशी उभा काना

त्या मुलखात अक्षरंच राहत, आणि सगळी एकाच आडव्या रेषेला लटकून राहत. रेषा कुणी ओढली, हे विचारायची पद्धत नव्हती.

अक्षरांसोबत खुणाही नांदत. मात्रा डोक्यावर बसे, उकार पायाशी पडून असे, वेलांटी डोक्यावरून पदर घ्यावा तशी वळे, आणि काना मुकाट पाठीशी उभा. खुणांना स्वतःचा आवाज नव्हता. अक्षराच्या तोंडून बोलायचं, तेवढंच. राजाही तसा दोनच अक्षरांचा, पुढं र, मागं ज, आणि दोघांच्या पाठीशी एकेक काना. ज च्या मागचा काना म्हातारा होता. त्याला दुसरं काही नको होतं. जिथं उभं राहून जन्म गेला, तिथंच उभं राहायचं होतं.

एका उत्सवाला वेशीवर फलक लागला, 'राजा दिन'. पण घाईगडबडीत वेलांटी द च्या डावीकडं उभी राहायची, ती उजवीकडं राहिली. गावानं वाचलं, 'राजा दीन'. लोक हसले, पण अगदी हळू हसले, म्हणून ते हसू राजापर्यंत लवकर पोचलं.

हुकूम सुटला. मुलखातल्या सगळ्या खुणा सीमेपार. जो आड येईल त्याचा पाय मोडायचा. पाय मोडलेल्या अक्षराचा आवाज निम्माच निघतो आणि ते जन्मभर शेजारच्यावर रेलून राहतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आधी वाड्याबाहेरची वस्ती साफ झाली. मग विहिरीवर भलतंच होऊन बसलं. पाणी मागायला गेलेल्याचा काना गेलेला, वेलांटी गेलेली. तोंडून निघे नुसतं 'पण'. शिपायांना वाटे, हा हुकमाला पण लावतो. ते त्याचा पाय मोडत. मोडलेला आणखी तहानेनं व्याकूळ होई आणि पुन्हा तेच म्हणे. म्हातारा काना सज्ज्यातून हे बघत राही. विहीर भरलेली होती.

शेवटी वाड्याची पाळी आली. तेव्हा ज च्या तोंडून म्हातारा बोलला, "महाराज, ते पाणी मागताहेत."

"पण म्हणताहेत. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"पाणी म्हणायला काना लागतो, महाराज. तुम्हाला हाक मारतात तीही शेवटी जरा लांबवून मारतात, ती माझ्यामुळं. मला राहू द्या."

"आता तू लांबण लावू नकोस," राजा म्हणाला. "माझ्या नावाला टेकू लागत नाही."

म्हातारा निघाला. र च्या मागचाही त्याच्यामागून निघाला. ज ची पाठ कधी उघडी पडली नव्हती. त्याला एकदम गार वाटलं. सीमेवर खुणा चिडीचूप बसल्या होत्या. त्यांनी सरकून दोघांना जागा दिली.

सकाळी शिपाई मुजऱ्याला जमले. चोपदारानं नेहमीसारखी छाती भरून हाक दिली, पण लांबवायला काही उरलं नव्हतं. दोन तोकडी अक्षरं निघाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तशाच ठेवल्या. सिंहासनावर चिमूटभर रज होतं. दारातून वारा आत आला, त्यानं ते उचललं, आणि विहिरीवर रांगेत उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांत नेऊन टाकलं.