भिंतीतल्या चार तारा

घरोघरी फोनवर विणलेला रुमाल टाकायचे, त्या काळापासून एका भिंतीत चार तारा एकाच वेष्टनात निजलेल्या होत्या. बोलणं न्यायच्या फक्त लाल आणि हिरवी. पिवळी आणि काळी पडल्या पडल्या दुसऱ्यांची बोलणी ऐकत, स्वप्नं पाहत.

एके दिवशी फोन कायमचा गेला. घरातल्या ईशानीने तारांच्या एका टोकाला खालचा संगणक जोडला, दुसऱ्याला माडीवरचा. "चौघी चालल्या तर ठीक," ती म्हणाली, "नाहीतर उपटून भंगारात."

लाल फणकारली, "या पोरींना काय येतंय? आम्ही दोघी पुरे!"

"ताई, आता एकाच वेळी न्यायचंही आहे आणि आणायचंही," पिवळी म्हणाली. "तुम्ही न्या, आम्ही आणतो."

"आधी शिका, मग बोला."

"तीस वर्षं बोलू कुणी दिलं?"

बाहेर पक्कड वाजली. भिंत थरथरली. लाल घाबरून पुटपुटली, "बरं, या बाई."

चौघींतून चांदण्यासारखं काही सळसळत गेलं, तसंच सळसळत आलं. बाहेर संगणकावरचा दिवा लुकलुकला आणि ईशानीने पक्कड खाली ठेवली.

बऱ्याच वेळाने हिरवी हळूच म्हणाली, "लाले, इतकी वर्षं या पोरी आपल्याला इतक्या खेटून होत्या?"