लारनाकचा चढ

“...आणि त्या दिवशी त्याला एकट्याला का जाऊ दिलंत, हे तुम्ही चार वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. का?”

शिंत्रे मास्तर नळाखाली बाटली धरून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

नळ दफनभूमीच्या भिंतीला होता. फ्रान्समधल्या या लारनाक गावात दुपारी सगळं बंद होतं. बेकरी बंद, कॅफे बंद, दगडी घरांच्या लाकडी झडपाही लावलेल्या. अशा गावांत सायकलवाल्याला पाणी मिळतं ते दफनभूमीत, एवढं तीन दिवसांत दोघांनाही कळलं होतं.

“पाणी भरून घे,” मास्तर म्हणाले. “पुढे दोन किलोमीटर चढ आहे.”

“मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

...

मास्तरांनी बाटलीचं झाकण लावलं. सावकाश लावलं. पारसला ते सावकाश लावणंही सहन झालं नाही.

पारस आरवाडे सांगलीचा. वय छत्तीस. घाट चढण्यात जिल्ह्यात आपल्यापुढे कुणी नाही, असं तो सांगायचा, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं. मास्तर मिरजेच्या एका शाळेतले निवृत्त पीटीचे शिक्षक, सदुसष्ट वर्षांचे. पारसला आणि त्याच्या धाकट्या भावाला, भरतेशला, सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं होतं.

हा रस्ता भरतेशचा होता. दोन वर्षं खपून त्यानं तो नकाशावर आखला होता. दॉर्दोन्य नदीच्या काठानं, अक्रोडाच्या बागांमधून, मोठे रस्ते टाळत. पाच दिवस, चारशे दहा किलोमीटर, रोज एखादं जुनं गाव. वहीत गावांच्या नावांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. ‘इथे चर्चचं दार मागच्या बाजूनं उघडतं.’ ‘इथे ब्रेड चांगला मिळतो म्हणे.’

त्याला ती गावं कधी दिसली नाहीत. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका पहाटे, मिरजेजवळ दंडोबाच्या डोंगराकडच्या वळणावर, मागून आलेल्या ट्रकनं ओव्हरटेक करायला घेतलं. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रक डावीकडे दाबला गेला. डावीकडे भरतेश होता.

ट्रकवाला थांबला नाही. नंतर सापडलाही नाही.

सापडले ते मास्तर. ‘मीच त्याला जा म्हटलं,’ असं त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून आरवाड्यांच्या घरात त्यांना कुणी पाऊल ठेवू दिलं नाही.

मग पारसनं त्यांना फ्रान्सला का आणलं? आईला तर त्यानं कळूही दिलं नव्हतं. त्याला मास्तरांच्या तोंडून फक्त एक वाक्य हवं होतं. भरतेशच्या रस्त्यावर, त्यानं निवडलेल्या गावात उभं राहून. माझी चूक झाली.

“बोलायचं नाहीये ना?” पारस म्हणाला. “ठीक आहे.”

त्यानं पेडलवर पाय मारला आणि निघून गेला.

चढ अरुंद होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कमरेइतकी दगडी भिंत. दर शंभर पावलांवर वळण.

दुसऱ्या वळणावर त्याला मागून इंजिनाचा आवाज आला. पांढरी, जुनी, लहान व्हॅन. चालवणारी बाई पासष्टीची असेल.

पारसनं हात केला. जा पुढे.

व्हॅन गेली नाही.

इथल्या गाड्यांचं हे तो तीन दिवस बघत होता. सायकलमागे थांबायचं, रस्ता मोकळा दिसला की दीड मीटर अंतर सोडून जायचं. जाताना कुणी तरी हातही हलवायचं. पहिल्या दिवशी त्याला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी राग यायला लागला. इतकं सोपं आहे हे? मग आपल्याकडे का नाही?

त्यानं पुन्हा हात केला. व्हॅन पुन्हा मागेच राहिली.

तिसरं वळण. चौथं. इंजिन पहिल्या गिअरमध्ये घरघरत होतं. त्या आवाजात कसलीच घाई नव्हती, आणि पारसच्या कानशिलांत रक्त वाजत होतं. तो सीटवरून उठला आणि सगळं वजन पेडलवर टाकलं. व्हॅनपासून लांब जायचं होतं त्याला. चढावर व्हॅनपासून कोण लांब जाणार?

दहा मिनिटं ती तशीच मागे होती.

माथ्यावर एक लहानसं चर्च होतं. तिथे पोचल्यावर त्यानं सायकल रस्त्यावर आडवी टाकली. व्हॅनकडे चालत गेला आणि बॉनेटवर हात आपटला.

“पुढे का नाही गेलात?”

चार महिने मोबाइलवर गिरवलेलं फ्रेंच होतं ते. बाईनं काच खाली केली. मागे अंड्यांचे ट्रे रचलेले होते.

“वळणापलीकडचं दिसत नव्हतं, मस्यू.”

“मी जा म्हणत होतो.”

“तुम्हाला तरी कुठे दिसत होतं?”

त्यापुढे पारसचं फ्रेंच संपलं. राग संपला नाही. तो मराठीत ओरडायला लागला. दहा मिनिटं थांबता येतं ना माणसाला, म्हणाला. अंड्यांसाठी थांबता येतं. मग एक मिनिट का नाही थांबला तो. एकच मिनिट. तुम्ही कोण लागता माझ्या, की माझ्यासाठी थांबलात... पुन्हा बॉनेटवर हात आपटला. पुन्हा.

बाईला शब्द कळत नव्हते. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते.

मास्तर चढून आले तेव्हा हे चालू होतं.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. श्वास लागला होता, तो घ्यायलाही थांबले नाहीत. पारसच्या पुढ्यात येऊन उभे राहिले, पण त्याच्याकडे पाठ करून. डोक्यावरचं हेल्मेट काढलं. पांढरे केस घामानं चिकटलेले. त्यांनी व्हॅनसमोर हात जोडले आणि मान खाली घातली.

तशीच ठेवली.

...

बाई बघत राहिली. पारसही.

“मास्तर, बाजूला व्हा.”

मास्तर हलले नाहीत.

“ओरडलो मी. माफी तुम्ही कशाला मागताय?”

मास्तर वळले. पारस त्यांना लहानपणापासून ओळखत होता, पण हा चेहरा कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

“चार वर्षं दुसरं काय करतोय मी?”

“म्हणजे?”

“दर वर्षी त्या तारखेला तुमच्या दारात येऊन उभा राहतो. तुझी आई मला बघते आणि दार लावते. तू तिच्या मागे उभा असतोस.”

“तुम्ही त्याला पाठवलंत म्हणून.”

“पाठवलं. सव्वापाचला त्याचा फोन आला. एकटा जाऊ का, म्हणाला. मी जा म्हटलं. अंधार होता, धुकं होतं, तरी जा म्हटलं. ते माझं आहे. त्यातलं कणभरही मी दुसऱ्याच्या नावावर टाकणार नाही.”

पारसला हवं होतं ते वाक्य जवळजवळ हेच होतं. ते ऐकून काहीच झालं नाही.

मास्तर एक पाऊल पुढे आले.

“आता विचार की. एकटा का, ते विचार.”

...

“मी झोपलो होतो,” पारस म्हणाला.

“त्यानं तुझं दार वाजवलं.”

“मला ऐकू आलं नाही.”

“तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा तू आतून काय बोललास, तेही त्यानं मला सांगितलं.” मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण फाटत होता. “हसत सांगत होता रे तो. दादा चिडलाय म्हणाला. रविवारी घाटात मी चार मिनिटं आधी पोचलो ना, म्हणून.”

पारस भिंतीवर बसला.

‘जा एकटाच. तुला कुठे माझी गरज आहे.’ असं तो म्हणाला होता. पांघरुणातून, जागा असताना. ते ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो गेला म्हणून ते वाक्यही गेलं असं त्यानं धरलं होतं. पोलिसांना त्यानं सांगितलं, झोपलो होतो. आईला सांगितलं, झोपलो होतो. इतक्यांदा सांगितलं की मधूनमधून त्याचा स्वतःचाही विश्वास बसायचा.

“तुम्हाला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“पहिल्या दिवसापासून.”

“मी व्हरांड्यात तुमची कॉलर धरली होती.”

“हो.”

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुझी आई बाकावर बसली होती,” मास्तर म्हणाले. “तिच्याकडे एकच मुलगा उरला होता. त्याच्यावर दार लावून ती कुठे गेली असती?”

...

“आणि मला? मला एकट्याला तरी...”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो.” मास्तरांनी घाम पुसला. मग एकदम म्हणाले, “रोज वाट बघितली. रोज चिडलो तुझ्यावर. मला काय वाटलं असेल, हे तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही? पोर माझंही होतं.”

ते वळले आणि चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाई मघाशीच व्हॅनमधून उतरली होती. तिनं मागचे पिवळे दिवे लुकलुकते ठेवले होते आणि ती खाली, शेवटच्या वळणावर जाऊन उभी होती. तिथून येणाऱ्या एका गाडीला तिनं हात करून थांबवलं. दोन परकी माणसं रस्त्याच्या मध्यावर काहीतरी बोलत होती, आणि त्यांचं संपेपर्यंत कुणी वर येऊ नये, एवढं तिला समजलं होतं.

पारसनं ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तो खाली चालत गेला. माफी कशी मागायची ते त्याला येत होतं, पुस्तकातलं नीट वाक्य होतं, पण तोंडातून एकच शब्द आला.

“पार्दों.”

बाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. बॉनेटवर आपटून बोटांची सालटं निघाली होती. तिनं एप्रनच्या खिशातला रुमाल काढून त्याच्या हातावर ठेवला. तिचाही राग गेलेला नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

तिनं थांबवलेली गाडी सोडली. मग व्हॅन सुरू केली आणि चर्चला वळसा घालून ती गेली.

पारस परत माथ्यावर आला. आडवी पडलेली सायकल उचलली. चेन उतरली होती, ती त्यानं बसवली. हात काळे झाले, रुमालही काळा झाला.

रस्ता आता पलीकडच्या खोऱ्यात उतरत होता. अकरा किलोमीटर, सगळी वळणं, तळाशी नदी आणि लाल कौलांचं एक गाव. भरतेशच्या वहीत आजचा मुक्काम तिथे होता.

मास्तर सायकलवर बसले होते. एक पाय जमिनीवर.

“मास्तर.”

“हं.”

“मी आईला सांगेन.”

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, कळलं नाही.

पारसनं हँडल धरलं.

“चार वर्षं तुमच्यावर रागावलो होतो. आता कुणावर रागवायचं?”

...

मास्तरांनी हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला. मग हात लांब करून पारसचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले.

“उतार संपेपर्यंत माझ्यावरच राहू दे.”