नाताळबायची घागर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती ते विचारू नका, कारण विचारलंत की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल, आणि गोष्ट बाजूला राहून भांडण लागेल. खाडीच्या काठी खारशेत नावाचं गाव होतं. आजही आहे. गावाच्या मधोमध सायबिणीचं देऊळ. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि मारियामातेला सायबीण. तेव्हा मुलखावर फिरंग्यांचा अंमल होता आणि त्यांचे सरदार देवळाच्या जमिनीतच पुरले जायचे. प्रत्येकावर कोरीव दगड, दगडावर नाव, मुकुट, तलवार, एकाच्या दगडावर तर शिडांसकट अख्खं जहाज. गावची माणसं मात्र बाहेर माडांखाली, नुसत्या मातीत.

आता देवळात कधी गेलात तर वेदीपाशी नीट बघा. सगळीकडे दगड, आणि मध्येच माणसाएवढी एक जागा उघडी. पाहुणे विचारतात, इथली फरशी चोरीला गेली का? चोरीला कशाला जाईल, मागच्या विहिरीवर आहे ती. ती तिथे गेली नाताळबायमुळे.

नाताळबाय गावची सुईण. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून हे नाव. अंगानं काडी, पण आवाज असा की खाडीपलीकडच्या होडीवाल्याला इथून हाक मारायची. असं म्हणतात की तिचा हात पोटाला लागला की आडवं मूल सरळ व्हायचं. असंही म्हणतात की एखादं मूल जन्मल्यावर रडलं नाही, तर ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायची आणि ते रागावून भोकाड पसरायचं. काय पुटपुटायची ते कुणाला कळलं नाही. शिवीच असणार, दुसरं काय.

गावाला खाडीचा वेढा, त्यामुळे सगळ्या विहिरी मचूळ. गोड पाणी एकाच विहिरीला, देवळामागच्या. गावातल्या प्रत्येक मुलाची पहिली आंघोळ त्याच पाण्यानं व्हायची आणि ती नाताळबायच घालायची.

मग दों गास्पार नावाचा कप्तान आला. तांबड्या मिशांचा, तापट, घोड्यांवर भारी जीव. त्यानं नारिंगांची बाग लावली. घोड्यांना आणि बागेला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा त्यानं विहिरीभोवती भिंत घातली, भिंतीला दार केलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. गाव मचूळ पाण्यावर आलं. डाळ शिजेना, भाताला चव येईना, पोरांची पोटं बिघडायची. पण कप्तानापुढे बोलणार कोण?

नाताळबायला एकुलती एक लेक, इनासी. ऐन उन्हाळ्यात ती बाळंत झाली. मुलगा झाला, चांगला ठणठणीत. पण आईला ताप भरला. ती पाणी मागायची, आणि मचूळ पाण्याचा तांब्या ओठाला लागला की मान फिरवायची. नाताळबाय रिकामा तांब्या घेऊन भर दुपारी विहिरीपाशी धावली.

पहारेकरी म्हणाला, "कप्तानसाहेब झोपलेत. उठले की विचारतो."

"एक तांब्याच हवा आहे रे. लेक तापली आहे माझी."

"किल्ली त्यांच्या गळ्यात आहे, बाय. मी काय करू?"

ती उन्हात उभी राहिली. भिंतीपाशी दगडी डोणीवर कप्तानाचे घोडे पाणी पीत होते. डोणीकडे पाऊल टाकलं की पहारेकरी भाला आडवा धरायचा. कप्तान उठला तेव्हा उन्हं कलली होती. तांब्या भरून ती घरी आली आणि इनासी गेलेली होती. ते पाणी नाताळबायनं कुणाला दिलं नाही. माडाखाली लेकीला पुरलं आणि तिच्या मातीवर ओतलं.

त्यानंतर तिचा तो खणखणीत आवाज गेला. नातवाला कडेवर घेऊन ती गावाची बाळंतपणं करायची, पण बोलायची कामापुरतंच.

पुढच्या उन्हाळ्यात कप्तानालाच ताप आला. त्या तापाची अशी काही दहशत पसरली की नोकरचाकर, पहारेकरी, घोडेवाले, सगळे एकेक करून पळाले. वाड्यातले रांजण कोरडे पडले. किल्ली कप्तानाच्या गळ्यात, आणि त्याच्या अंगात उठायचं बळ नाही. देवळाचे म्हातारे पाद्री धापा टाकत नाताळबायच्या दारात आले.

शेजारचा मोतेस म्हणाला, "जाऊ नको, नाताळबाय. तू गेली होतीस तेव्हा काय झालं ते आठव."

"आठवतंय," ती म्हणाली. "पण बोलावणं आल्यावर मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. याच्यासाठी कशाला सुरुवात करू?"

नातवाला मोतेसच्या बायकोकडे देऊन, घरचा तांब्या भरून ती गेली. कप्तान वाळून कोळ झाला होता. "बाय, पाणी," म्हणाला. इतकी वर्षं इथे राहून आमची भाषा त्याला तोडकीमोडकी येत होती. तिनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला. त्यानं घोट घेतला आणि थुंकला.

"हे कसलं पाणी?"

"गावाचं, सायबा. माझ्या लेकीनंही असंच तोंड फिरवलं होतं."

कप्तानानं गळ्यातली किल्ली काढली. "उघड. सगळ्यांना घेऊ दे. आणि मला आण, थोडंसं."

नाताळबायनं दार उघडलं. तिला बघून एक बाई आली, मग दहा आल्या, मग अख्खं गाव लोटलं. म्हातारे ओंजळीनं प्यायले, पोरं एकमेकांना भिजवत सुटली. मोतेसच्या बायकोनं नातवाला आणून तिच्या हातात दिलं. नाताळबायनं त्याच्या ओठांवर गोड पाण्याचं बोट ठेवलं, ते पोर चोखायला लागलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती हसली. आणि खरं सांगायचं तर कप्तान तिच्या लक्षातच राहिला नाही.

आठवण झाली तेव्हा उन्हं कलली होती. ती घागर घेऊन धावत गेली. कप्तान दाराकडे तोंड करून गेलेला होता.

गावाला वाईट वाटलं नाही. कुणीतरी म्हणालंसुद्धा, बरोब्बर फिटलं. नाताळबायनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो घरीच गेला.

"माझी लेक गेली तेव्हा हा झोपला होता," ती पाद्रींना म्हणाली. "हा गेला तेव्हा मी जागी होते."

कप्तानाला वेदीपाशी पुरलं. त्यानं जिवंतपणीच आपला दगड जहाजानं मागवून ठेवला होता, वर मुकुट घातलेला सिंह. तो बंदरावरून गाडीत घालून आणला, पण विहिरीपाशी येऊन बैल बसले. आणखी दोन जोड्या जुंपल्या, त्याही बसल्या. असं म्हणतात की कोरड्या खडखडीत जमिनीत गाडीची चाकं आसापर्यंत रुतली. पाद्रींनी प्रार्थना केली, मोतेसनं शिव्या दिल्या, दोन्हींचा उपयोग झाला नाही. तेव्हा नाताळबाय पुढे झाली आणि अडलेल्या बाईच्या पोटावर ठेवावा तसा तिनं त्या सिंहावर हात ठेवला.

"याला झाकू नका," ती म्हणाली. "दगड बसवलात तर मी त्याला पाणी कुठून पाजू?"

असं म्हणतात की ती एवढं बोलली आणि बैल आपले आपण उठले. दगड तिथेच विहिरीच्या तोंडाशी बसवला. आज त्या सिंहाच्या आयाळीत दोरांच्या खाचा पडल्या आहेत, आणि बायका त्याच्या मुकुटावर खुशाल घागर टेकवतात.

नाताळबाय मरेपर्यंत रोज एक घागर भरायची. अर्धी बाहेर माडाखाली इनासीला, अर्धी आत कप्तानाला. एका वर्षी पाऊसच पडला नाही. विहिरीच्या तळाशी एक घागर पाणी उरलं. गाव हात जोडून म्हणालं, आज तरी मेलेल्यांना घालू नको. ती म्हणाली, "दोघंही पाण्याची वाट बघतच गेली. आता आणखी थांबा कसं म्हणू?" तिनं ती घागर भरली आणि निम्मी निम्मी ओतली. असं म्हणतात की सकाळी बायका उठून बघतात तर पाणी सिंहाच्या पायाला लागलेलं. तेव्हापासून ती विहीर आटलेली नाही.

नाताळबाय इनासीच्या शेजारी आहे. तिच्यावर दगड नाही. विहिरीला पुन्हा दार कधी लागलं नाही, आणि ती किल्ली देवळात सायबिणीच्या मनगटाला बांधलेली आहे.

आजही उन्हाळ्यात नाताळबाय गेली तो दिवस येतो तेव्हा गावात सगळ्यांत अलीकडे बाळंत झालेली बाई पहिली घागर काढते. तोवर गावात कुणी पाणी पीत नाही, फादरसुद्धा नाही. ती आधी माडांखाली इनासीपाशी जाते, अर्धी घागर ओतते आणि म्हणते, "उशीर झाला, बाय. घे." मग देवळात येते, त्या उघड्या मातीवर उरलेलं पाणी ओतते आणि म्हणते, "उशीर झाला, सायबा. घ्या." आणि मग, नाताळबायच्या नातवाला त्या घरानं सांभाळलं होतं म्हणून, मोतेसच्या घरातलं कुणीतरी दुसरी घागर काढतं आणि तिच्या बाळाला आंघोळ घालतं.