हातभर उंचावरून

‘‘पण हे खोटं आहे, एवढं तरी म्हणाल की नाही?’’

रंगराव इंगवल्यांनी पुस्तक बुवांपुढे आपटलं, तशी पानांत खुणेला घातलेली एसटीची तिकिटं बाहेर पडली. बरीच होती.

लहरीबुवा भाजी निवडत होते. मठात जेवणाची वेळ होत आली होती. त्यांनी मान काही वर केली नाही.

‘‘काय लिहिलंय?’’

‘‘लिहिणारी आपल्याच तालुक्यातली बाई आहे. म्हणते, जत्रेच्या जेवणात गावकुसाबाहेरच्यांच्या शेवटच्या पंगतीला वाढपी ओगराळं हातभर उंच धरायचे. पत्रावळीला टेकू नये म्हणून. आमटी वरून सोडायचे.’’ रंगरावांचा आवाज चढला. ‘‘अहो, आमच्या गावात बावीस वर्षं आमटी मी वाढतोय. शेवटच्या पंगतीपर्यंत. माणसामाणसात फरक कधी केला नाही.’’

ते मनापासून बोलत होते. त्यांच्याइतका सरळ माणूस गावात शोधून सापडला नसता. हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं, हीच काय ती अडचण.

रंगराव गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. पुस्तक कपाटातून काढून टाकावं, असा अर्ज त्यांनी लिहून आणला होता. खाली बुवांची सही पडली असती, तर उद्याच्या सभेत कुणी ब्रही काढला नसता.

‘‘कितीदा वाचलंत?’’ बुवांनी विचारलं.

‘‘तीनदा.’’

‘‘खोटं पुस्तक… तीनदा?’’

रंगराव खाली पडलेली तिकिटं गोळा करू लागले. ते वाचल्यापासून घास गोड लागत नव्हता, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

बुवा उठले. ‘‘सही करू. आधी जेवून घेऊ. आज वाढायला कुणी नाही, आणि तुमचा हात सरावलेला.’’

ओसरीवर दोन पत्रावळी मांडल्या होत्या. भात बुवांनीच वाढला. एका पानावर बुवा बसले. शेजारच्या पानावर तानूबाई. रंगरावांच्याच गावची, मठात केरसुण्या द्यायला आली होती.

रंगरावांनी आमटीची बादली उचलली. वाकून बुवांच्या भातावर आमटी घातली. पुढे सरकले. ओगराळं भरून घेतलं.

तानूबाईनं पदर गोळा करून मांडीखाली दाबला आणि ती जराशी मागे सरली.

‘‘मागं का सरलीस गं?’’

‘‘आमटी उडती न्हवं, अण्णा.’’

‘‘उडते? कुणी सांगितलं तुला?’’

‘‘सांगाय कशाला पायजे? दर साली तुमीच तर वाढताय.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आज बाजाराचा वार आहे म्हणावं, तसं ती बोलली.

रंगरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

ओगराळं पानापासून हातभर वर होतं. ते तिथे कधी गेलं, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

…

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओगराळं खाली न्यावं की बादलीत परत टाकावं, तेही सुचेना.

‘‘बुवा… मी मुद्दाम कधीच…’’

‘‘नाहीच.’’

‘‘मग त्या बाईनं लिहिलंय ते…’’

तानूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा बुवांकडे बघत होती. एवढा मोठा माणूस आमटी वाढता वाढता रडायला का लागला, हे काही तिला उमगेना.

‘‘आता या अर्जाचं काय करू?’’ रंगरावांनी कसंबसं विचारलं.

बुवा हसले.

‘‘अर्जाचं मागाहून बघू, रंगराव. तानूबाईचा भात अजून कोरडाच आहे.’’