टिचकी मारू नये

"मग गिऱ्हाईक येतं आणि हात आखडून जातं, ते का, आप्पा?"

जिजाबरावानं तिसऱ्यांदा विचारलं. ओरडूनच विचारलं, कारण उखर्डू आप्पांना ऐकू येत नाही. डाव्या कानाशी तोंड नेलं तर थोडंफार पोचतं.

आप्पा घागरींकडे बघत राहिले...

माझं दोरखंडाचं दुकान शेजारीच आहे, त्यामुळे या गुरुशिष्यांचं बोलणं मला फुकटात मिळतं. आप्पांनी त्या जागेवर चाळीस वर्षं मडकी विकली. कान गेले, तशी जागा जिजाबरावाला दिली. गडी हुशार. आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

चार दिवसांवर आखाजी आली होती. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. एकदा आखाजी सरली की घागरीला कोण विचारतो? घागरींची रास तशीच पडून होती. "यंदा नाही खपल्या, तर जागा सोडतो आणि मेहुण्याकडे सुरतेला जातो," असं जिजाबराव सकाळपासून दोनदा मला म्हणाला होता. एका जागी बसत नव्हता. उठायचा, घागरी पुसायचा, रस्त्याकडे बघायचा, पुन्हा बसायचा.

"गेल्या साली बायकांनी टिचक्या मारमारून माल फोडला," तो आप्पांच्या कानात म्हणाला. "यंदा पाटी लावली. बघा, एकही फुटली नाही!"

पाटी मोठी होती. लाल अक्षरांत. 'टिचकी मारू नये.'

"विकल्या किती?" आप्पांनी विचारलं.

जिजाबराव पुन्हा घागरी पुसायला लागला.

तेवढ्यात एक सासू आणि तिची सून आली. सासूनं घागर उचलली, बोट वाकवलं... आणि पाटी दिसली. बोट तसंच हवेत राहिलं.

"बाई, पक्की भाजलेली आहे," जिजाबराव म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवला असता भाऊ," सासू म्हणाली, "पण पाणी तुझ्या बापाला नाही, माझ्या सासऱ्याला पाजायचंय." तिनं घागर खाली ठेवली. "चल गं, पुढं बघू."

दोघी माझ्या दोरखंडांपर्यंत पोचल्या असतील, एवढ्यात मागून आवाज आला.

टण्ण!

आप्पा उठून उभे राहिले होते. डाव्या तळहातावर घागर, उजव्या हाताचं बोट वाकवलेलं.

"आप्पा, पाटी!" जिजाबरावानं बोट दाखवलं.

"वाचली की."

टण्ण. दुसरी. टण्ण. तिसरी.

सासू थांबली. भाजीवाल्याकडे घासाघीस करणाऱ्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या.

चौथी घागर. थद्द.

जिजाबरावाचा चेहरा उतरला. त्यानं झटकन हात पुढे करून ती घागर आप्पांकडून काढून घेतली आणि राशीच्या मागे सरकवू लागला.

"अरे, ती चिरलीय!" सासू तिथूनच ओरडली. "लपवतोस काय?"

"काय म्हणते?" आप्पांनी विचारलं.

"चिरलीय म्हणते!" जिजाबराव दातओठ खात त्यांच्या कानात ओरडला. आता तर सगळ्या बाजारानं ऐकलं.

आप्पांनी त्याच्या हातातून घागर घेतली. सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि सोडून दिली.

खापऱ्या माझ्या दोरखंडांपर्यंत उडाल्या.



मग आप्पांनी पाटी काढली, जमिनीवर पालथी टाकली आणि तिच्यावर एक चांगली घागर ठेवली. "या आक्का," ते सासूला म्हणाले. "मला म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. खरी कुठली, खोटी कुठली, तुम्हीच सांगा."

सासूनं पदर खोचला. एक वाजवली, दुसरी वाजवली. सुनेला म्हणाली, "कान दे इकडे, नुसती बघत काय राहतेस? असं ऐकायचं." तिच्या मागे एक उभी राहिली, मग आणखी दोघी. "मावशी, माझी पण बघा हो!" तासाभरात तिथं असा टणटणाट झाला, की बाजाराच्या पलीकडच्या टोकाच्या बाया वाट विचारत यायला लागल्या. माझे दोरखंडही त्यात खपले, आता खोटं कशाला बोलू?

दोन घागरी फुटल्या. जिजाबरावानं खापऱ्या गोळा केल्या.

उन्हं कलली. रास उतरून गुडघ्याएवढी राहिली होती. तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो आप्पांसमोर उकिडवा बसला, डाव्या कानाशी तोंड नेलं.

"आप्पा, एक कळत नाही. तुम्हाला तर काही ऐकू येत नाही. मग तुम्ही वाजवून काय ऐकत होता?"

आप्पांनी उरलेल्यातली एक घागर उचलली. तळहातावर तोलली. टिचकी मारली... आणि रस्त्याकडे बघितलं.

"मी कुठे ऐकत होतो?"